करडू जगले तर शेळी परवडते

(जिल्हा बैठकीत केलेल्या मांडणीचा मजकूर)



आपल्या बैठकीत कापसाच्या भावावर बोलायचे, ज्वारीवर बोलायचे, कर्जावर आणि विजेवर बोलायचे, ही रीत आहे. आज आम्ही शेळीच्या करडांवर बोलणार आहोत. हा काय बैठकीचा विषय झाला, असे कुणाला वाटेल. म्हणून आधी तेच सांगतो.

बीड जिल्ह्यातल्या कोरडवाहू घरात रोख पैसा वर्षातून कितीदा येतो? कापूस मोडला म्हणजे एकदा, ज्वारी विकली म्हणजे एकदा. तोही दुकानदाराची उधारी आणि बँकेचा हप्ता भागल्यावर उरला तर. मग मधल्या काळात पोराची फी, म्हातारीचे औषध, पेरणीच्या तोंडी बियाणे, हे कशावर भागते? दावणीच्या बोकडावर. २०१२-१३ च्या दुष्काळात, २०१५-१६ ला आणि पुन्हा २०१८ ला जिल्ह्यातली बैलं-गाई छावणीत उभी होती, नाहीतर मिळेल त्या भावाने बाजारात गेली. शेळी मात्र बाभळी-बोरीच्या पाल्यावर घरी टिकली. ती बहुतेक घरांत बाईच्या नावाची असते आणि तिचा पैसा बाईच्या हातात येतो, हेही विसरू नका.

आपली शेळी जातीची आहे. काळी, उंच पायांची उस्मानाबादी. धाराशिव, लातूर, बीड, सोलापूर, अहिल्यानगर हा तिचा मुलूख. जिल्ह्याचे नाव २०२३ साली बदलले, शेळी अजून उस्मानाबादीच आहे. काटक आहे, कमी पाण्यात निभावते आणि बऱ्याच वेळा जुळी देते. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात एक कोटीच्या वर शेळ्या मोजल्या गेल्या. म्हणजे हा धंदा लहान माणसाचा असला तरी लहान नाही.

आता हिशेब बघा. पाच शेळ्या धरा, प्रत्येकीला जुळे धरा. दहा करडे झाली. त्यातली तीन चार महिन्यांच्या आत गेली, तर राहिली सात. शेळ्यांचा चारा तेवढाच लागला, राखणदाराचा दिवस तेवढाच गेला. जे घटले ते सगळे नफ्यातून घटले. पिकाचे नुकसान झाले तर निदान पंचनामा तरी होतो. अतिवृष्टीत शेळी वाहून गेली तर आपत्तीच्या निकषात तिची भरपाई बसते. पण हगवणीने मेलेल्या करडाचा पंचनामा कुठल्या तलाठ्याने केला आहे? ते उकिरड्यापलीकडे पुरले जाते आणि आपण म्हणतो, 'नशिबात नव्हते.'

आमचे म्हणणे एवढेच आहे की यातली बरीच करडे नशिबाने मरत नाहीत. ती दुधावरून चाऱ्यावर येण्याच्या वाटेवर उपाशी पडतात, अशक्त होतात आणि मग रोग त्यांना गाठतो. औषध रोगाला देतो, पण चूक पोटात झालेली असते. दूध तोडणे हे एका दिवसाचे काम नाही, ते दोन-अडीच महिन्यांचे काम आहे. आजची सगळी मांडणी या एका वाक्यासाठी आहे.

करडाचे पोट कसे चालते

मोठ्या शेळीला पोटाचे चार कप्पे असतात. पहिला सगळ्यात मोठा. त्यात चारा आंबतो, कुजतो, पचतो. हे काम त्या कप्प्यातले जिवाणू करतात. करडू जन्मते तेव्हा हा मोठा कप्पा रिकामा आणि लहान असतो. त्याचा चालतो तो फक्त चौथा कप्पा, दूध पचवणारा. करडू मान वर करून सड चोखते तेव्हा आत एक पन्हळ मिटते आणि दूध पहिल्या कप्प्याला वगळून सरळ चौथ्यात जाते.

म्हणून करडाला बाटलीने दूध पाजायचे तर चोखूनच पाजावे आणि बाटली आईच्या सडाच्या उंचीला धरावी. नळकांड्याने घशात ओतलेले दूध पहिल्या कप्प्यात पडते, तिथे नासते, पोट फुगते, हगवण लागते. ओतताना ठसका लागला तर तेच दूध फुफ्फुसात जाते. दोन दिवसांनी करडू धापा टाकू लागले की आपण म्हणतो, थंडी बाधली.

दोन आठवड्यांच्या पुढे करडू पाला चघळू लागते. पाल्याबरोबर जिवाणू पोटात जातात आणि मोठा कप्पा वाढायला लागतो. सहा ते आठ आठवड्यांत तो बऱ्यापैकी कामाला लागतो. पण आपोआप नाही. पाला आणि भरडा पोटात गेला तरच. ज्या करडाला दोन महिने नुसत्या दुधावर ठेवले त्याचा मोठा कप्पा लहानच राहतो. त्याचे दूध एकदम तोडले की एक पोट बंद पडते आणि दुसरे अजून उघडलेले नसते. दिसायला ते पाला तोंडात धरते, पण त्याला तो पचत नाही.

पहिला दिवस

करडू जन्मताना रोगाशी लढायची ताकद घेऊन येत नाही. आईच्या पोटात ती त्याला मिळत नाही. ती मिळते चिकातून. चिकातली ही ताकद आतड्यातून रक्तात उतरते, पण ती वाट पहिले काही तासच मोकळी असते. दिवस उलटला की जवळजवळ बंद होते. म्हणून पहिल्या तासाभरात करडाच्या तोंडात चीक गेला पाहिजे. चोवीस तासांत त्याच्या वजनाच्या एकदशांश चीक जावा. सव्वादोन किलोचे करडू असेल तर सव्वादोनशे मिली, तीन-चार वेळा मिळून.

आपल्याकडे जार पडेपर्यंत करडू लावायचे नाही, अशी काही घरांत समजूत आहे. ती सोडून द्या. उलट करडू चोखते तेव्हा जार पडायला मदतच होते. चीक जड असतो, हगवण लावतो, म्हणून पिळून टाकतात. तेही बंद करा. जुळ्यातले दुबळे करडू मागे ढकलले जाते, त्याला हाताने धरून लावा.

नाळ दोन-तीन बोटे ठेवून स्वच्छ पात्याने कापा आणि टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. शेण-माती लावू नका. नाळेतून शिरलेली घाण आठ-दहा दिवसांनी सांध्यात उतरते, गुडघे सुजतात, करडू लंगडते.

थंडीत जन्मलेले करडू गारठून निपचित पडले असेल तर आधी त्याला ऊब द्या. कोरडे करा, गोणपाटात गुंडाळा, चुलीच्या उबेला न भाजेल असे ठेवा. तोंडात बोट घालून बघा. तोंड गार असेल आणि ते चोखत नसेल तर दूध ओतू नका. ऊब आली, चोखू लागले, की मग पाजा.

दूध तोडायची तयारी

दूध तोडायची तयारी पंधराव्या दिवशी सुरू होते. शेवरी, सुबाभूळ, बाभूळ, बोर यांच्या डहाळ्यांची पेंडी करडाच्या तोंडाच्या उंचीला टांगा. खाली टाकलेला पाला तुडवला जातो, त्यावर लेंड्या-मूत पडते आणि तेच पुन्हा तोंडात जाते. जवळ उथळ भांड्यात स्वच्छ पाणी ठेवा. दूध पिणाऱ्या करडालाही पाणी लागते. पाणी नसेल तर ते भरडा खात नाही.

मग भरडा. दहा किलोचा हिशेब असा धरा: ज्वारीचा किंवा मक्याचा भरडा पाच किलो, शेंगदाणा पेंड अडीच किलो, तूर किंवा हरभऱ्याची चुनी एक किलो, गव्हाचा कोंडा एक किलो दोनशे ग्रॅम, खनिज मिश्रण दोनशे ग्रॅम आणि मीठ शंभर ग्रॅम. पेंड बुरशी लागलेली नको. सुरुवात चिमटीने करा, आईच्या नजरेपासून दूर, जिथे फक्त करडेच शिरू शकतील अशा आडोशाला. चार काठ्या आडव्या बांधल्या की आडोसा होतो, त्याला शेड लागत नाही.

पहिला महिना दूध पोटभर. करडाला दूध न ठेवता घरच्या चहाला सगळे काढून घ्यायचे, हा हिशेब तोट्याचा आहे. तेवढ्या दुधाचे पैसे आज दिसतात, करडाचे घटलेले वजन तीन महिन्यांनी दिसते. दुसऱ्या महिन्यात दिवसातून दोन वेळा लावा. तिसऱ्या महिन्यात एक वेळा. शेवटच्या आठवड्यात एक दिवसाआड. या क्रमाने आले तर नव्वदाव्या दिवसाच्या पुढेमागे दूध तुटते आणि करडाला कळतही नाही.

पण दिवस मोजून दूध तोडू नका, करडू बघून तोडा. तीन गोष्टी बघा. एक, जन्माच्या वजनाच्या तिपटीच्या पुढे ते गेले आहे का. दोन, रोज मूठ-दोन मुठी भरडा, म्हणजे शंभर ग्रॅमच्या आसपास, आपणहून खाते का. तीन, बसून रवंथ करते का. या तिन्हीला 'हो' असेल तरच दूध तोडा. जुळ्यातले एक तयार असेल आणि एक नसेल तर एकाचे तोडा, दुसऱ्याला आणखी पंधरा दिवस द्या.

वजन कसे करायचे, असे विचाराल. कापूस वेचणीच्या बायांचे माप करायला तुमच्या घरात काटा आहेच. गोणपाटाची झोळी करा, करडू त्यात ठेवा, काट्याला लावा. जन्मले त्या दिवशी एकदा आणि नंतर पंधरा दिवसांनी एकदा. पोराच्या जुन्या वहीत लिहून ठेवा. ज्या पंधरवड्यात वजन वाढले नाही त्या पंधरवड्यात काहीतरी बिघडले आहे, हे करडू आजारी दिसायच्या आधी वही सांगते.

दूध तोडताना करडाला त्याच्या ओळखीच्या जागेत, सोबतीच्या करडांबरोबर ठेवा. हलवायचे तर आईला हलवा. त्याच आठवड्यात लस टोचणे, जंताचे औषध, बाजाराचा प्रवास, नवा चारा असे काही करू नका. एकेक धक्का करडू सोसते, चार एकदम सोसत नाही. आईकडेही बघा. दूध एकदम तुटले की कास भरून येते, दगडासारखी होते आणि कासदाह होतो. म्हणून तिचा खुराक आठवडाभर कमी करा, कास फार तटतटली तर थोडे दूध काढून टाका.

सरकी आणि ज्वारी

आपण कापूस-ज्वारीवाले. घरात जे आहे ते जनावराला घालतो. म्हणून दोन गोष्टी मुद्दाम सांगतो.

सरकीत गॉसिपॉल नावाचे विष असते. मोठ्या गाई-म्हशीचे पोट ते बऱ्याच अंशी निष्प्रभ करते. करडाचा मोठा कप्पा तयार नसतो, त्याला ते सोसत नाही. हृदयावर परिणाम होतो, धाप लागते आणि चांगले दिसणारे करडू एक दिवस पडते. करडांच्या भरड्यात सरकी आणि सरकी पेंड घालू नका. शेवटच्या वेचणीनंतर पऱ्हाटीत शेळ्या सोडतो, तिथे फवारणी कधी झाली होती ते आधी आठवा.

ज्वारीचे दोन धोके आहेत. पाऊस ओढ देतो तेव्हा सुकत चाललेली कोवळी ज्वारी आणि कापणीनंतर बुडख्याला फुटलेले हिरवे फुटवे यांत विष असते. जनावर थरथरते, पडते आणि तासाभरात जाते. मोठी शेळी जिथे मरते तिथे करडाचे काय. दुसरा धोका खळ्यावरचा. मोकळे सुटलेले करडू किंवा शेळी कणसांवर, दाण्यावर तुटून पडते. पोटात आम्ल होते, पोट गच्च होते, हगवण लागते, उभे राहता येत नाही. तेव्हा पाण्यात खायचा सोडा देतात, पण लवकर कळले तरच उपयोग. मळणीच्या दिवसात करडे बांधून ठेवणे सगळ्यात सोपे.

हगवण लागली तर

करडू हगवते म्हटले की आपण एकच औषध शोधतो. हगवण एक नाही. वय बघा, कारण सापडते.

पहिल्या आठवड्यातली हगवण बहुतेक घाणीची आणि चीक न मिळाल्याची. तीन आठवड्यांपासून चार-पाच महिन्यांपर्यंतची, काळपट, वास मारणारी, कधी आव-रक्ताची हगवण, शेपटीखाली माखलेले, पाठ कमानदार झालेली, ही बहुतेक वेळा कॉक्सिडिया नावाच्या सूक्ष्म परजीवीची. आपण जंत म्हणतो ते हे नव्हेत आणि नेहमीच्या जंताच्या औषधाने जात नाहीत. ओल आणि गर्दी असली की वाढतात. दूध तोडायच्या काळातच ते उचल खातात, कारण तेव्हा करडू अशक्त असते. सप्टेंबर २०२५ सारख्या अतिवृष्टीत गोठा महिनाभर ओला राहिला तर पुढच्या महिन्यात हे येणार, असे धरूनच चालावे. अँप्रोलियम किंवा सल्फाची औषधे यावर चालतात, पण मात्रा वजनावर आणि दिवस पूर्ण. ती पशुवैद्यकाकडून ठरवून घ्या.

यावर सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे कोरडी जमीन. रोज झाडणे, राख आणि चुना भुरभुरणे, जमले तर फळ्यांचा किंवा बांबूचा उंच ओटा, दुपारचे ऊन आत येईल अशी जागा. लहान आणि मोठी करडे एका डालग्याखाली डालू नका. मोठ्यांच्या लेंड्यांतून लहानांना लागण होते.

कुठलीही हगवण असो, करडू मरते ते अंगातले पाणी आटून. चिमटीत धरलेली कातडी लगेच मागे जात नाही, डोळे आत जातात. एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चहाचा चमचा धरा. हे थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा. दूध पूर्ण बंद करू नका, थोडे थोडे आणि पाण्याच्या मध्ये अंतर ठेवून पाजा. एका दिवसात फरक पडला नाही, रक्त दिसले किंवा करडू उभे राहीना, तर दवाखाना गाठा.

जंतांचे वेगळे. पावसाळ्यात चौथ्या कप्प्यात रक्त पिणारे जंत होतात. हगवण नसतानाही करडू खंगते. खालची पापणी ओढून बघा. लालसर-गुलाबी हवी, पांढरी फटक असेल तर रक्त गेले आहे. जबड्याखाली सूज म्हणजे तर उशीर झाला. औषध वजनावर द्या. अंदाजाने कमी दिलेले औषध जंतांना मारत नाही, त्यांना तयार करते. तालुक्याच्या दवाखान्यात ताज्या लेंड्या तपासून घेऊन मग औषध दिले तर पैसा वाचतो.

लस आणि साथी

आंत्रविषार हा रोग उपाशी करडाला होत नाही, चांगल्या खाल्लेल्या करडाला होतो. पहिल्या पावसानंतरचा कोवळा चारा किंवा एकदम वाढवलेला भरडा मिळाला की आतड्यातले जिवाणू विष तयार करतात. संध्याकाळी उड्या मारणारे करडू सकाळी मेलेले सापडते. मग शेजाऱ्यावर संशय घेतला जातो, भांडणे होतात. याची लस आहे. गाभण शेळीला व्यायच्या महिना-सव्वा महिना आधी आणि करडांना तिसऱ्या महिन्यात टोचावी. दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा, पुढे दरवर्षी पावसाळ्याआधी. पहिली मात्रा घेऊन दुसरी चुकवली तर पहिलीही वाया गेल्यासारखीच.

पीपीआर हा शेळ्या-मेंढ्यांचा सगळ्यात घातक रोग. ताप, डोळ्या-नाकातून पू, तोंडात फोड, मग हगवण आणि धाप. भारतात तो पहिल्यांदा १९८७ साली तमिळनाडूत सापडला आणि पुढे देशभर पसरला. आईकडून मिळालेली ताकद तीन-चार महिन्यांत ओसरते, म्हणजे नेमकी दूध तुटते तेव्हा. यावर आपल्या देशात तयार झालेली लस आहे आणि एकदा टोचली की साधारण तीन वर्षे पुरते. तीन महिने पुरे झालेल्या प्रत्येक करडाला ती मिळाली पाहिजे. गाई-बैलांची बुळकांडी याच घराण्यातला रोग होता. लसीकरणाने ती २०११ साली जगातून संपली. पीपीआर २०३० पर्यंत संपवायचे जगाने ठरवले आहे. ते दावणीवर ठरणार आहे, कागदावर नाही.

मावा म्हणजे ओठांवरच्या खपल्या. करडू दुखण्याने चोखत नाही, आईच्या सडाला फोड येतात, ती लाथ मारते आणि करडू उपाशी मरते. पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या पाण्याने धुवा, बोरोग्लिसरीन लावा, दूध बाटलीने पाजा. हा माणसाच्या हातालाही होतो, म्हणून धार काढणाऱ्या बाईने हात धुवावेत, जखम असेल तर झाकावी.

दोन लसींत दोन-तीन आठवड्यांचे अंतर ठेवा आणि दूध तोडण्याचा आठवडा त्यातून वगळा. बाजारातून आणलेली शेळी तीन आठवडे वेगळी बांधा. जिल्ह्यात जेवढ्या साथी येतात त्यातल्या कितीतरी बाजाराच्या दोरीनेच येतात.

कोयत्यावर जाणाऱ्या घरांसाठी

हे आपल्या जिल्ह्याचे खास दुखणे आहे. दसरा झाला की गाड्या लागतात, उचल घेतलेली असते, कोयता निघतो. घरी म्हातारी माणसे आणि पोरे राहतात. त्या आठवड्यात दूधपित्या करडांचे काय होते? आई विकली जाते आणि करडे मागे राहतात, किंवा शेळी गाडीत जाते आणि करडे घरी, किंवा दोन्ही ट्रॉलीत बसून उसाच्या फडावर जातात. तिथे दव, थंडी आणि नुसते वाढे. तिन्हीत दूध एका दिवसात तुटते.

यावर उपाय बोकड लावतानाच करावा लागतो. शेळी पाच महिने गाभण राहते. फाल्गुन, चैत्र, वैशाखात लागलेल्या शेळ्या श्रावण, भाद्रपद, आश्विनात व्यातात. म्हणजे दसऱ्याला करडे अंगावरची. हे तीन महिने बोकड वेगळा बांधा. आता गावात एकच बोकड सगळ्यांच्या शेळ्यांत फिरतो, म्हणून हे गावाने मिळून ठरवावे लागेल. पौष-माघात लागलेल्या शेळ्या ज्येष्ठ-आषाढात व्यातात आणि दसरा-दिवाळीपर्यंत करडे तीन महिन्यांच्या घरात जातात. ही करडे पावसाळ्यात जन्मतात, म्हणून त्यांची जागा कोरडी ठेवायला दुप्पट मेहनत लागेल. पण ती मेहनत आपण घरी असताना करायची असते.

तरीही अंगावरची करडे राहिलीच, तर त्यांना आणि आईला वेगळे करू नका. मागे ठेवायचे तर दोघांना मागे ठेवा. फडावर न्यायचे तर दोघांना न्या, बरोबर भरड्याची गोणी आणि खनिज मिश्रण न्या. वाढ्यातला ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतो, नुसत्या वाढ्यावर करडाची हाडे भरत नाहीत. आणि मागे राहणाऱ्या म्हातारीला भरडा किती, लस कधी, दवाखान्याचा नंबर कोणता, हे जायच्या आधी सांगून, नातवाच्या वहीत लिहून जा.

आता काय करायचे

सरकारकडे आपल्या मागण्या आहेत आणि त्या आपण मांडणारच. मे महिन्यात, पाऊस पडायच्या आधी, आंत्रविषाराची लस गावात आली पाहिजे. साथ आल्यावर येणारी लस कामाची नाही. रिकामी पदे भरली पाहिजेत. नेकनूरसारख्या मोठ्या बाजारात शेळी-बोकडाला वजनकाटा पाहिजे. हाताने पाठ दाबून, रुमालाखाली बोटे धरून भाव ठरतो तोवर चांगल्या वजनाचे करडू वाढवणाऱ्याला त्या वजनाचा मोबदला मिळायचा नाही. १९६२ या फुकट क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलावता येते. बोलवा, आणि गाडी आली नाही तर तारीख-वेळ लिहून ठेवा. पुढच्या बैठकीत त्या नोंदी घेऊन आपण जिल्ह्याच्या कार्यालयात जाऊ. नुसत्या तक्रारीपेक्षा वहीला वजन असते.

पण सरकार येईपर्यंत चीक थांबत नाही. पहिल्या तासात चीक, पंधराव्या दिवशी पाल्याची पेंडी, कोरडी जमीन, काट्यावर वजन, करडू बघून दूध तोडणे. यातल्या कशालाही कर्ज काढावे लागत नाही, कुणाची सही लागत नाही. खर्च आहे तो भरड्याचा आणि लक्ष देण्याचा.

आमची सूचना अशी. प्रत्येक गावातून दोन जणांनी, त्यातली एक तरी बाई असावी, या हंगामातल्या करडांची वही ठेवावी. किती जन्मली, किती दिवसांची असताना किती गेली, दूध कधी तुटले, लस कधी मिळाली. पुढच्या जिल्हा बैठकीला ती वही घेऊन या. कापसाचा उतारा जसा आपण एकमेकांना विचारतो तसाच करडांचाही विचारू. दहातली किती जगली, हाच आपला उतारा.